ताटाचा दर पाडू नका, ताटं मोजा

लग्न ठरलं की केटररला पहिला प्रश्न जातो तो ताटाच्या दराचा. त्याने साडेतीनशे सांगितले की आपण तीनशेवर या म्हणतो, तीनशे सांगितले की अडीचशे. दोन्ही घरची कर्ती माणसं तासभर घासाघीस करतात, वीस-तीस रुपये खाली येतात आणि जेवणावळीचा खर्च आटोक्यात आला असं सगळ्यांना वाटतं. हातात मोजकेच पैसे असणाऱ्या घराने आधी हा समज सोडावा.

एक साधा हिशेब मांडून बघा. ६०० ताटं ३५० रुपये दराने २ लाख १० हजारांची होतात. दर ४०० केला, म्हणजे जेवण आणखी चांगलं दिलं, पण ताटं ४०० ठेवली, तर खर्च १ लाख ६० हजार. दर वाढवूनही ५० हजार शिल्लक. उलट, ६०० ताटं तशीच ठेवून दर ३० रुपयांनी पाडलात तर वाचतात १८ हजार, आणि ते केटरर कुठून ना कुठून भरून काढणारच. त्यालाही आचाऱ्यांची मजुरी, गॅस, टेम्पो आणि वाढप्यांचे पगार द्यायचे असतात. मग तुपाच्या जागी वनस्पती येतं, काजूच्या वाटणात शेंगदाणे जातात, पनीरच्या जागी वनस्पती तेलाचा ‘ॲनालॉग’ माल येतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार तो पनीर म्हणून विकता येत नाही, पण रश्शात पडल्यावर तो ओळखणार कोण? पाहुणे घरी जाऊन पोट धरून बसले तर वाचलेल्या पैशांची काय किंमत राहिली? म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: दरावर फार ताणू नका. माणसांची संख्या, पदार्थांची संख्या आणि ताटं मोजण्याची रीत या तीन ठिकाणी लक्ष घाला. खरा पैसा तिथे आहे.

यादी घरांची नको, माणसांची हवी

आपल्याकडे पाहुण्यांची यादी घरांची असते. १५० पत्रिका छापल्या, प्रत्येकीवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं आणि घरटी चार माणसं धरली की ६०० ताटं तयार. पण शेजारच्या घरातून दोघं येणार असतात, आत्याकडून नऊ, आणि ऑफिसातल्या वीस पत्रिकांमागे वीसच. म्हणून वहीत प्रत्येक घरापुढे माणसांचा आकडा लिहा आणि त्याच्यापुढे एक खूण करा: येणारच, जमलं तर येतील, किंवा कळवायचं म्हणून कळवलंय. ‘येणारच’ पूर्ण धरा, ‘जमलं तर’ निम्मे धरा, तिसऱ्या खुणेचे धरू नका. समजा पहिल्या खुणेची २२० माणसं आहेत आणि दुसऱ्या खुणेची २४०. मग २२० अधिक १२०, म्हणजे ३४०. त्यात गुरुजी, बँडवाले, फोटोग्राफर, गाड्यांचे ड्रायव्हर अशी २० माणसं मिळवा. ही माणसं यादीत कधीच नसतात आणि जेवायला मात्र असतातच, असायलाच हवीत. झाले ३६०.

लग्नाच्या आठ दिवस आधी फोन करायचे. हे काम घरातल्या एका बोलक्या माणसाकडे द्या. ‘येताय ना नक्की?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी, ‘काकू, तुमच्याकडून किती जण येताय? गाडीची आणि जेवणाची सोय बघतेय,’ असं विचारलं की सरळ आकडा मिळतो आणि कुणाला अपमानही वाटत नाही. गावाकडे हे काम भावकीतला एखादा जाणता माणूस फोनपेक्षा चांगलं करतो. कुठल्या वाडीवरून किती ट्रॅक्टर आणि जीप निघतील हे त्याला पाठ असतं.

यादी कापताना सर्वांत अवघड जातात ती ‘त्यांनी आपल्याला बोलावलं होतं’ या नात्याची माणसं. त्यांच्यासाठी एक सभ्य वाट आहे. लग्नानंतरच्या आठवड्यात नव्या जोडप्याला घेऊन पेढ्यांचा पुडा द्यायला जा. चारशे रुपयांच्या ताटापेक्षा त्या भेटीचं अप्रूप जास्त असतं, आणि वयस्कर माणसांना तर उन्हातान्हात कार्यालय गाठण्यापेक्षा ती भेट फार आवडते.

दोन घरांत खर्च वाटून घेण्याची बोलणी याच वहीवरून करावीत. जेवणाचा सगळा भार मुलीच्या घरावर टाकायचा आणि माणसं मात्र मुलाकडची जास्त आणायची, ही रीत अजूनही अनेक ठिकाणी चालते. ती मोडायला हवी. निम्मे-निम्मे वाटून घेणं बरं, पण ज्याची जितकी पानं त्याचा तितका खर्च हे त्याहून न्याय्य. बैठकीत असं म्हणता येतं: ‘दादा, आमच्याकडची १७० पानं होताहेत. तुमच्याकडची किती धरायची ते तुम्ही सांगा, मग ज्याच्या त्याच्या पानांप्रमाणे बिल वाटून घेऊ.’ हे वाक्य साखरपुड्याआधी बोलायचं असतं. हळदीच्या दिवशी बोललं तर भांडण होतं. आणि एक नेहमीचा अनुभव आहे: आपली पानं आपल्याच खिशातून जाणार हे कळलं की दोन्हीकडच्या याद्या आपोआप आखूड होतात.

कार्यालयाचा इसार देण्याआधी

बहुतेक घरं आधी मंगल कार्यालय ठरवतात, मग केटरर शोधतात, आणि तिथेच अडकतात. काही कार्यालयांत त्यांचाच केटरर घ्यावा लागतो. काही ठिकाणी बाहेरचा चालतो, पण त्याच्यासाठी वेगळी रॉयल्टी मोजावी लागते. शिवाय भटारखान्याचं भाडं, वीज, जनरेटर, पाण्याचा टँकर, भांडी घासण्याची जागा, ओला कचरा उचलण्याचे पैसे. स्वस्त वाटलेलं कार्यालय या सगळ्यासह महागात जातं. म्हणून इसार देण्याआधी हे सगळे आकडे एका कागदावर मागा आणि दोन कार्यालयांची तुलना भाड्यावर न करता एकूण बेरजेवर करा.

तारखेचा परिणाम दरावर होतो. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, आणि एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी चांगला आचारी मिळणंही कठीण. तोच आचारी मंगळवारच्या किंवा बुधवारच्या मुहूर्तावर कमी ताटांचं काम आनंदाने घेतो आणि स्वतः उभा राहून करतो. मुहूर्ताबाबत फार कडक नसलेल्या घरांसाठी पंचांगात गौणकाळातले मुहूर्तही दिलेले असतात. पावसाळ्यातल्या त्या दिवसांत कार्यालयं रिकामी असतात.

मुहूर्ताची वेळही बघा. सकाळी नऊचा मुहूर्त म्हणजे नाश्ता आणि जेवण असे दोन खर्च आले. साडेबाराचा असेल तर आलेल्यांना चहा-बिस्किट किंवा पन्हं आणि मग थेट जेवण. गोरज मुहूर्त असेल तर संध्याकाळचं एकच जेवण पुरतं. लग्नात पैसा नुसता मुख्य जेवणावर जात नाही. आदल्या रात्रीचं सीमांतपूजनाचं जेवण, सकाळचे पोहे-शिरा, दिवसभराचा चहा, संध्याकाळचं रिसेप्शन हे सगळं वेगळं धरलं जातं. चहा कपाच्या हिशेबाने लावला तर दिवसभरात बिल कुठल्या कुठे जातं. तो एकरकमी ठरवा, किती वेळा आणि किती वाजेपर्यंत ते बोलून घ्या.

रिसेप्शनला जेवणच हवं असं नाही. आपल्याकडे एके काळी रिसेप्शन म्हणजे आइस्क्रीम, वेफर्स किंवा बटाटावडा आणि अत्तर-गुलाब असायचं, आणि लोक हसतमुखाने जायचे. पत्रिकेत ‘अल्पोपाहार’ असं स्पष्ट छापा, म्हणजे कुणी उपाशी पोटी येत नाही.

पदार्थ किती?

या मुद्द्यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण इथे पैसा आणि चव दोन्ही एकाच बाजूला आहेत.

बुफेत हल्ली सूप, दोन स्टार्टर, चाटचा स्टॉल, चायनीज, डोसा, पनीरच्या दोन भाज्या, तीन गोड आणि शेवटी आइस्क्रीम असा थाट असतो. प्रत्येक वाढीव काउंटरमागे एक माणूस, एक शेगडी आणि उरणारा माल आला. पाहुणा सगळ्यातलं चमचा-चमचा घेतो, निम्मं टाकतो. केटररला मात्र प्रत्येक पदार्थ जवळजवळ सगळ्यांना पुरेल इतका करावा लागतो, कारण कुठल्या काउंटरवर गर्दी होईल हे त्याला माहीत नसतं. बारा पदार्थांचं साधारण जेवण आणि सात पदार्थांचं उत्तम जेवण यांचा खर्च सारखाच येऊ शकतो, आणि लोकांच्या लक्षात दुसरं राहतं.

मराठी ताटाची बांधणी अशा वेळी फार कामाची आहे. मसालेभात, साधा वरण-भात आणि तूप, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, एक रस्सा किंवा अळूची भाजी, कोशिंबीर, चटणी, एक तळण, एक गोड, वर मठ्ठा. यातला कुठलाच जिन्नस महागडा नाही, कुठलाच परका नाही, आणि लहानापासून आजोबांपर्यंत सगळे पोटभर जेवतात. तुमच्या भागाचा खास पदार्थ असेल तर तोच मुख्य करा. खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असली की लोकांना दुसरं काही लागत नाही. नगर-बीडकडे लापशी आहे, कोल्हापूर-सांगलीकडे गव्हाची खीर, तळकोकणात काळ्या वाटाण्याची उसळ, गोव्यात खतखतं आणि सोलकढी. गव्हाच्या खिरीचा आणि लापशीचा खर्च रसमलाईच्या जवळपासही जात नाही, आणि त्या भागातल्या आचाऱ्याचा हात त्यावर बसलेला असतो. पनीर हवंच असेल तर एकच भाजी ठेवा आणि चांगल्या पनीरची ठेवा.

मोसम बघून भाजी ठरवा. मेमध्ये मटार, फरसबी आणि कोथिंबीर महाग असतात. उन्हाळ्यात लिंबाचे भाव चढतात, तेव्हा सरबताऐवजी कैरीचं पन्हं करा, आणि कैरी तर चटणीतही चालते. आमरस एप्रिलमध्ये खिशाला झेपत नाही, मेअखेरीस आंब्याचा भाव उतरतो तेव्हा विचार करा. बटाटा, वांगी, दुधी, लाल भोपळा, मोडाची मटकी आणि हरभरा यांच्यावर शक्यतो भरवसा ठेवता येतो. थंडीतल्या लग्नात गाजराचा हलवा आणि मटार यांच्याएवढी स्वस्त मेजवानी दुसरी नाही.

गोडाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. जिलेबी आणि श्रीखंड दोन्ही ठेवली तर दोन्हींचा पूर्ण माल लागतो आणि दोन्ही उरतात. एकच ठेवा, ताजं ठेवा, आणि कुणाला दुसऱ्यांदा हवं असेल तर मोकळ्या हाताने द्या.

पंगत की बुफे हे माणसं बघून ठरवा. पंगतीला वाढपी जास्त लागतात, पण थोडं-थोडं वाढून पुन्हा विचारायची शिस्त ठेवली तर वाया कमी जातं. वाढप्यांना आधीच सांगून ठेवा की नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी टाकायची नाही. बुफेत जागा आणि वेळ वाचतो, मात्र वयस्कर मंडळींसाठी टेबल-खुर्च्यांची एक पंगत वेगळी ठेवा. थर्माकोलच्या ताटल्या आणि द्रोणांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा त्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. पळसाच्या पत्रावळी किंवा केटररची स्टीलची ताटं बरी.

पाण्याचा खर्च कुणी धरत नाही. ५०० माणसांनी २०० मिलिलिटरच्या दोन-दोन बाटल्या घेतल्या तर १००० बाटल्या लागतात. त्यातलं सगळं पाणी मिळून २०० लिटर, म्हणजे २० लिटरचे १० जार. उन्हाळा म्हणून २५ जार मागवले तरी बाटल्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात. अर्ध्या पिऊन टाकलेल्या बाटल्यांचा ढीगही उरत नाही. स्टीलचे पेले आणि जारवर एक माणूस एवढं पुरे.

कागदावर काय हवं

केटररशी तोंडी बोली करू नका. साध्या कागदावर, पण सगळं लिहून घ्या: पदार्थांची नावं, तेल आणि तूप कोणतं, जेवण किती ते किती वाजेपर्यंत, वाढपी किती, भांडी-गॅस-टेम्पो दरात धरले आहेत का, आणि जीएसटी धरून की वेगळा. बाहेर येऊन जेवण पुरवणाऱ्या केटररच्या बिलावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो. रोजचं खोलीभाडं ७५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात लग्न केलं तर तो १८ टक्के होतो. १ लाख ६० हजारांवर ५ टक्के म्हणजे ८ हजार. ते शेवटच्या दिवशी समोर आले तर घाम फुटतो. केटररचा अन्नसुरक्षा परवाना विचारा, त्याचा १४ आकडी क्रमांक असतो. आणि त्याचं एखादं चालू लग्न बघून या. घरी आणून दिलेल्या नमुन्यापेक्षा तीनशे माणसांत त्याचा मसालेभात कसा उतरतो हे कळणं महत्त्वाचं.

सर्वांत महत्त्वाची ओळ हमीच्या ताटांची. हमी म्हणजे माणसं कमी आली तरी जितक्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात तो आकडा. वरच्या उदाहरणात अंदाज ३६० आहे. हमी ३२० ची द्या, तयारी ३८० ची ठेवायला सांगा आणि ३२० च्या वरच्या ताटांना तोच दर लागेल हे लिहून घ्या. घाबरून ५०० ची हमी देणारी घरं न जेवलेल्या माणसांचे पैसे भरतात.

मग मोजणी. बुफेत ताट मोजलं जातं. एकाने दोनदा ताट घेतलं की दोन धरली जातात, लहान मूल आईच्या ताटात जेवलं तरी त्याच्या हातात वेगळी ताटली दिली जाते. म्हणून सुरुवातीला ताटांच्या थप्प्या मोजून घ्या, शेवटी उरलेल्या मोजा. मुलांची ताटं निम्म्या दराने किंवा किती वयापर्यंत मोफत ते आधी ठरवा. केटररची स्वतःची माणसं बिलात धरायची नाहीत हेही लिहा. मोजणीला दोन्ही घरांतला एकेक माणूस उभा करा. वधू-वरांचे आई-वडील त्या दिवशी हे करू शकत नाहीत. एखादा शांत स्वभावाचा मामा किंवा चुलत भाऊ निवडा आणि त्याला सकाळीच केटररशी ओळख करून द्या.

आचारी लावून स्वतः करायचं असेल तर

गावात, स्वतःच्या अंगणात किंवा देवळाच्या आवारात लग्न असेल, घाऊक बाजार जवळ असेल आणि वाढायला तरुण मंडळ असेल, तर शिधा आपला आणि मजुरी आचाऱ्याची ही जुनी पद्धत आजही सर्वांत स्वस्त. शहरातल्या कार्यालयात मात्र ती क्वचितच परवडते. भांडी, गॅस, वाढपी, टेम्पो हे सगळं सुटं-सुटं जोडत बसलात तर केटररच्या दराच्या वर जाता.

१०० माणसांचा कच्चा अंदाज असा धरता येतो: मसालेभाताला ६ आणि साध्या भाताला २ किलो तांदूळ, वरणाला २ किलो तूरडाळ, पुऱ्यांना ११-१२ किलो कणीक (किलोत लहान ४०-४५ पुऱ्या, माणशी पाच), १० किलो बटाटे, ३ ते ४ किलो कोरडी मटकी, जी मोड आल्यावर दुपटीहून थोडी जास्तच भरते, आणि माणशी १०० ग्रॅमप्रमाणे १० किलो श्रीखंड. मठ्ठा १५ लिटर. माणसं तीनशेच्या वर गेली की माणशी प्रमाण थोडं उतरतं. कष्टाची कामं करणारी माणसं जास्त असतील तर भाताचं आणि पुऱ्यांचं वाढवा. आचाऱ्याने दिलेली यादी या आकड्यांशी ताडून बघा आणि फार फरक दिसला तर त्यालाच विचारा. चांगला आचारी कारण सांगतो.

किराणा घेताना दुकानदाराशी बोली करा की न फोडलेले तेलाचे डबे आणि पोती तो परत घेईल. कोठीवर घरचं एकच माणूस ठेवा आणि किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. माल मागतील तसा मोजून काढायचा. डबे एकदम फोडून ठेवले की परत काहीच जात नाही. सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिकच आणा. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणं कायद्यात बसत नाही, आणि धोका तर आहेच.

शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ नुसतं बाहेर राहू देऊ नका. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत, म्हणजे वाफ निघताना दिसली पाहिजे. म्हणून पुऱ्या आणि भात एकदम न करता दोन-तीन घाण्यांत करायला सांगा. तिसरा घाणा जेवणारी माणसं बघून मगच लावायचा. यात मालही वाचतो.

उरलेल्या अन्नाची सोय लग्नाच्या आधीच लावून ठेवा. मुंबईत रोटी बँक आहे, अनेक शहरांत रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक आहेत. गावात वसतिगृह किंवा वीटभट्टीवरची वस्ती असते. जेवणं संपत आली की लगेच फोन करायचा आणि न वाढलेलं अन्नच स्वच्छ डब्यांत द्यायचं. मठ्ठा आणि श्रीखंड तासन्‌तास उन्हात राहिलं असेल तर ते देऊ नका.

पैसे तीन हप्त्यांत द्या: थोडा इसार, आठवडाभर आधी निम्म्याच्या आसपास, आणि उरलेले ताटांची मोजणी दोन्ही बाजूंनी सही करून झाल्यावर. ही सही कार्यालय सोडण्याआधी, थप्प्या समोर असतानाच घ्यायची. वाढप्यांना आणि भांडी घासणाऱ्या बायकांना द्यायच्या बक्षिशीची पाकिटं घरून निघतानाच तयार ठेवा आणि ती केटररकडे न देता ज्याच्या त्याच्या हातात द्या.